एका जीबीची अधोली

“कडूबा, अंगठा बाहेर.”

हा आवाज कडूबाच्या बापाचा. बाप जाऊन तीस वर्षं झाली, आवाज काही गेला नाही. खळ्यावर ज्वारीची रास पडलेली, बाप गुडघे टेकून बसलेला, हातात पितळेची अधोली. दोन शेरांचं माप. भरायचं, ओतायचं आणि गाण्यासारखं म्हणायचं: लाभ, लाभ... दोन, दोन... तीन, तीन. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. शेवटच्याला ‘संपलं’ म्हणायचं नाही, ‘वाढलं’ म्हणायचं. आणि अधोली धरताना अंगठा काठावर ठेवायचा. अंगठा आत गेला की अंगठ्याएवढे दाणे मापाबाहेर राहतात. शंभर मापांना असे किती दाणे होतात, हा हिशेब बाप तोंडी सांगत नसे, कानशिलात देत असे.

बापामागे उंद्री गावच्या खळ्यांवर कडूबाने माप धरलं. “कडूबाचं माप” म्हटलं की त्यावर कुणी दुसऱ्यांदा मोजत नसे. मग काटे आले. वीज खाणारे, लाल आकड्यांचे, तोंडातून लाभ न काढणारे. अधोली भिंतीतल्या देवळीत गेली. कोकिळा, म्हणजे कडूबाची बायको, तिच्यात हळकुंडं, सुईदोरा आणि एसटीची जुनी तिकिटं ठेवू लागली. कडूबाचं नाव मात्र गावात शिल्लक होतं. पासष्टीत माणसाकडे शिल्लक राहतं ते एवढंच. नाव आणि गुडघेदुखी.

ते साल बोंडअळीचं होतं. बियाण्याच्या पाकिटावर बोंडाचं असं चित्र होतं की बघूनच कापूस वेचावा. झाडं माणसाच्या खांद्याला लागली, बोंडं हिरवीगार टपोरी. फोडलं की आत गुलाबी अळी लोळतेय, नव्या नवरीसारखी गुलाबी, आणि जेवून उठल्यासारखी सुस्त. कडूबा असं एक बोंड घेऊन पंजाबरावाच्या कृषी केंद्रात गेला. पंजाबराव म्हणजे जुन्या पाटलाचा मुलगा. बाप रास विकायचा, लेक पाकिटं विकतो.

“हे काय हो, पंजाबराव?”

“अळी हाय.”

“ते मलेही दिसते. तुमी तं म्हणत होते, या बियाण्याले अळी लागतच नाई.”

“मी नाई, कंपनी म्हणत होती. अन् पाकिटावर सारं लिहेल असते, कडूबा. वाचत जा ना बे.”

पाकिटावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. कडूबाने पाकीट डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, उन्हात धरलं. शेवटी त्यात बोंड टाकून घरी आला. कंपनी कुठल्या गावची, तिचा बाप कोण, दार कुठल्या दिशेला, काही ठाऊक नाही. भांडायचं कुणाशी?

तो राग पोटात आंबत होता तेवढ्यात त्याला दुसरी कंपनी सापडली. ही निदान खिशात तरी होती.

घरात चांगला फोन एकच. पोरगी अश्विनी सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन सुरतेला गेली तेव्हा जाताना तिनेच घेऊन दिलेला. सकाळी कडूबा शेतात जायचा तेव्हा फोन घरी राहायचा. “राहू द्या घरी, कोणाचा आला तं,” असं कोकिळा म्हणायची. दुपारी जेवून कडूबा बाजेवर पडायचा आणि अर्धा तास भारूड बघायचा. एवढंच त्याचं व्यसन. दिवसाला एक जीबी डाटा, अख्खा त्याचा. पण रोज दुपारी भारुडातला माणूस तोंड उघडायचा आणि उघडंच ठेवायचा. मध्ये एक चक्र फिरत राहायचं. फोन चालायचा, नाही असं नाही. मुतायला थांबलेला बैल चालतो तसा. आणि वर निरोप: तुमचा आजचा शंभर टक्के डाटा संपला.

“रोज भर दुपारी घरात ‘संपला’ म्हणते,” कडूबा म्हणाला. “अवलक्षणी मेला. वाढला म्हणाव की.”

“तुमीच पाह्यलं असन जास्त,” भाकरीच्या पिठाचे हात धूत कोकिळा म्हणाली.

“मी आता हातात घेतला. सकाळी तू तं नाई लावला हात?”

“मी कायले लावू, बापा? मले तं ते हिरवं-लाल बटनही समजत नाई.”

कडूबाने विचार केला. घरात दोन माणसं आणि एक मांजर. हात न लावता मापातून धान्य जातंय, म्हणजे मापालाच भोक आहे. कंपनीचा अंगठा आत आहे.

तो बशीरच्या दुकानात गेला. बशीर पन्नाशीला टेकलेला, गावात रिचार्ज मारायचा, फोनच्या काचा बसवायचा. त्याचे अब्बा पिंजारी होते. धनुकली खांद्याला लावून घरोघर कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. बशीरच्या दुकानात कडूबा कधी चहा पीत नसे. बशीर दर वेळी मागवायचा, कडूबा दर वेळी म्हणायचा, पित्त होते. बाकी सगळ्या गावात प्यालेल्या चहाने ते होत नसे.

“बशीर, जीबी म्हणजे केवढं?”

“हजार अन् वर चोवीस एमबी, काका.”

“वरचे चोवीस कायचे?”

“तसाच हिशेब हाय तो.”

कडूबाचा चेहरा जरा उजळला. “म्हणजे शिगेचं माप. काठाच्या वर चोवीस. हे चांगलं हाय. बरं, आज अर्धा वापरला तं उरलेला उद्या भेटते?”

“नाई. बारा वाजता रात्री जाते.”

“कुठं जाते?”

“काका, ते मले माहीत असतं तं मी इथं काचा बसवत बसलो असतो?”

“खळ्यावर उरलेले दाणे पाखरं खातात. याचं पाखरू कोणतं?” कडूबा पुढे सरकला. “अन् अठ्ठावीस दिवसांचा महिना कोण्या पंचांगात हाय?”

“कंपनीच्या.”

“मंग सालाचे महिने किती झाले?”

बशीरने बोटांवर मोजलं. “तेरा.”

“आपला अधिक महिना तीन वर्षांनी येते. त्यातही जावयाले अनारसे भेटतात. याहीचा दरसाल. अनारसे कोण खाते?”

बशीर हसत हसत फोन घेऊन बसला. आत कुठेतरी बोट घालत गेला. कोणत्या कामाला, कोणाशी बोलण्याला किती डाटा लागला त्याची यादी त्यात असते म्हणाला. मग त्याचं हसू थांबलं. त्याने एकदा कडूबाकडे पाहिलं आणि फोन पालथा घातला.

“माप बरोबर हाय, काका.”

“मंग जाते कुठं?”

“घरी पाहा.”

“घरी काय पाहू? मी, कोकिळा अन् मांजर.”

“मांजराले इचारा मंग.”

बशीर दुसऱ्या फोनची काच पुसू लागला. कडूबाने उठता उठता मनाशी गाठ मारली: हाही कंपनीचा. कमिशन खातो, म्हणून तोंड शिवलंय.

संध्याकाळी लिंबाखालच्या पारावर त्याने ते जाहीर केलं. फोनची कंपनी मापात मारते. आपण जन्मभर माप धरलंय, आपल्याला कळतं. येत्या बाजाराच्या दिवशी कंपनीचा माणूस छत्री लावून बसणार आहे. चार गावच्या देखत त्याला धरणार.

पंजाबराव पारावरच होता. बोंडअळीपासून लोक त्याच्याशी जरा तिरपेच बोलत होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाची गंमत होणार म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

“कंपनी खोटी निघाली तं चारचौघांत तुया पाया पडीन,” तो म्हणाला. “अन् तू खोटा निघाला तं?”

“तं अधोली तुमच्या दुकानात आणून ठेवीन.”

“ठेव. पाकिटावर ठेवायले वजन पाह्यजेच मले.”

पार हसला. कडूबा नाही हसला. बियाण्याच्या पाकिटांवर पालथी घातलेली बापाची अधोली त्याला तिथल्या तिथे दिसली.

बाजाराच्या आदल्या दिवशी शेतात फवारणीचा पंप बंद पडला. कडूबा पंप पाठीवर घेऊन दहालाच घरी फिरला. अंगणात पाय टाकतो तर घरातून अश्विनीचा आवाज.

“आई, मोहरी कुठं ठेवली मी?”

“खिडकीत पाह्य. काल तिथंच ठेवली व्हती तू.”

पोरगी आली. न कळवता आली. पंप उतरवायचंही भान न ठेवता तो दारापर्यंत गेला, आणि दारातच थबकला.

घरात पोरगी नव्हती. कोकिळा बसून कापूस निवडत होती. किडका एकीकडे, बरा एकीकडे. देवळीत अधोली, अधोलीला टेकवून फोन उभा. फोनमध्ये दुसरं घर: गॅसची शेगडी, निळी भिंत, फिरणारा पंखा. मध्येच अश्विनी दिसायची, मध्येच नुसता पंखा. बोलत कुणी नव्हतं. तिकडे कुकरची शिट्टी झाली, इकडे मांजराने कान टवकारले. जणू दोन घरांमधली भिंत कुणी काढून ठेवली होती आणि दोघी आपापलं काम करत होत्या. कोकिळा पुटपुटल्यासारखी गात होती:

सुरत शहर दूर, मधी तापीचं गं पाणी
काचंमंदी दिसती गं माझ्या लेकीची फोडणी

“आई, अकरा वाजले असतीन. ठेव आता.”

“तू ठेव.”

“मी कसा ठेवू? मोठ्या माणसाचा फोन आपण कापू नये, बाबानंच शिकवलं.”

“अन् लेकीले आपण होऊन जा म्हणू नये, हे मायी माय सांगून गेली.”

“मंग राहू दे.”

“राहू दे.”

आणि राहू दिलं. पुन्हा कापूस, पुन्हा पंखा. बऱ्याच वेळाने अश्विनी म्हणाली, “आई, बाबाले सांगू नको हं. हे सहाले ड्युटीवर गेले की या चाळीत एक माणूस बोलत नाई माह्याशी. भाषाही समजत नाई. तुया बांगड्यांचा आवाज असला की घर खायले उठत नाई. बाबाले कळलं तं न्यायलेच येतीन ते.”

“नाई सांगत.”

कडूबा पाठीवर पंप घेऊन तसाच मागे सरला. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला. एक जीबी कुठे जात होता ते त्याला कळलं. शेरभर बांगड्यांचा आवाज, पायलीभर पंखा, आणि वर शिगेला एक फोडणी. पाखरू कोणतं तेही कळलं. सहा महिने पोरगी आपल्या घरात रोज येऊन बसत होती आणि आपण शेतातून आल्यावर तिचं उरलंसुरलं माप घेऊन भारूड का अडलं म्हणून कंपनीला शिव्या देत होतो.

मग दुसरी गोष्ट आठवली. उद्या बाजार.

रात्री ताटावर बसल्यावर तो म्हणाला, “सुरतेले आज काय भाजी केली असन?”

कोकिळेचा हात भाकरीवर थांबला. “मले काय माहीत?”

कडूबा जेवत राहिला. दोन घास गेल्यावर कोकिळा खाली मान घालून म्हणाली, “वांगं केलं असन.”

“हाव,” कडूबा म्हणाला. “वांगंच असन.”

कडूबाला झोप आली नाही. खरं सांगावं तर पोरीची गोष्ट चव्हाट्यावर जाते आणि अधोली पंजाबरावाकडे. खोटं रेटावं तर कंपनीचा माणूस फोन उघडून दाखवणार. आणि न जावं, तर कडूबाचं माप पळालं असं गाव म्हणणार. मापाला पाय फुटल्याचं त्याच्या सात पिढ्यांत ऐकिवात नव्हतं.

बाजारात छत्रीखाली कंपनीचा माणूस टोपी घालून बसला होता. टोपीवर पॅकचा भाव मोठ्या अक्षरांत होता, आणि त्याखालच्या अटी मुंगीच्या पायाएवढ्या. पंजाबरावाने आधीच माणसं गोळा करून ठेवली होती. मिरच्या विकायला आलेल्या बायाही पोती सोडून आल्या. कडूबाने एका हातात अधोली आणली होती, दुसऱ्यात फोन. बशीर आपलं दुकान उघडं टाकून गर्दीच्या कडेला उभा होता.

“साहेब, हे आमच्या गावचे मापारी,” पंजाबराव म्हणाला. “तुमची कंपनी मापात मारते म्हणतात.”

टोपीवाला अशा भांडणांना सरावलेला होता. “काका, फोन द्या. मिनिटात दिसेल कशाला किती गेला. सगळ्यांना दाखवतो.”

त्याने हात पुढे केला. कडूबाची मूठ फोनवर आवळली. ती यादी आता चार गावं वाचणार. अश्विनीचं नाव, तास, मिनिटं. अधोलीच्या काठावर अंगठा नुसता घासत राहिला.

“थांबा साहेब,” गर्दीतून बशीर पुढे आला. “फोन पाहू नका. चूक मायी हाय.”

सगळे वळले.

“काकाले एक जीबीचं सांगतलं अन् मी लहान पॅक मारलं,” बशीर जमिनीकडे बघत म्हणाला. “कंपनीचं माप बरोबर, काकाचंही बरोबर. मधल्या मधी मीच.”

कडूबा त्याच्याकडे बघतच राहिला. बशीरने पॅक बरोबर मारलं होतं. त्याने ती यादीही पाहिली होती, अश्विनीचं नाव वाचलं होतं आणि फोन पालथा घातला होता. आता तो स्वतः पालथा पडत होता. उद्यापासून त्याच्या दुकानात कोण रिचार्ज मारेल? आणि कडूबाची सुटका मात्र चोख झाली होती. अधोली राहिली, नाव राहिलं, पोरीची गोष्ट झाकली. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याची त्याला पंचेचाळीस वर्षांची सवय होती.

“मले वाटलंच व्हतं,” पंजाबराव मोठ्याने म्हणाला. “मापात मारायची खोड घराण्यातच असते.”

गर्दीत दोघंतिघं हसली. बशीरने मान वर केली नाही.

“कडूबा, अंगठा बाहेर,” बाप म्हणाला. बाजाराच्या एवढ्या कलकलाटात अगदी कानापाशी.

“बशीर खोटं बोलून राह्यला,” कडूबा म्हणाला.

“काका, राहू द्या ना,” बशीर हळूच म्हणाला.

“तू थांब बे. पॅक बरोबर हाय. कंपनीचं मापही बरोबर हाय, शिगेसगट. फोन माया घरात सकाळपासून चालू राहते. दिवा लावून ठेवतात तसा. काऊन ठेवतो ते मायं घरचं. मी बोंबललो ते खोटं बोंबललो.” मग टोपीवाल्याकडे वळून त्याने विचारलं, “दोन जीबीवालं हाय काय तुमच्यापाशी?”

“आहे की, काका.”

“मंग ते बशीरच्या दुकानातून मारतो. तुमच्या छत्रीतून नाई.”

आता लोक खरे हसले. पंजाबरावही हसला आणि हात पुढे करून म्हणाला, “आण मंग अधोली.”

कडूबाने अधोली दिली नाही. पंजाबरावाचा हात तसाच हवेत राहिला. कडूबा बशीरसमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांत अधोली धरली, रास मोजताना धरायचा तशी. फक्त उजवा अंगठा त्याने सावकाश काठावरून आत सरकवला, पार बुडापर्यंत, आणि तो सगळ्यांना दिसेल असा धरून ठेवला.

“बहात्तरचा दुष्काळ,” तो म्हणाला. “याहीच्या बापाची, पाटलाची रास. माया बाप आजारी, माप मी धरलं व्हतं. तुया अब्बाले सालभराच्या पिंजाईची ज्वारी द्यायची व्हती, सोळा अधोल्या. तू चार वर्षांचा असशीन, पोत्याचं तोंड धरून उभा व्हता. पाटलानं मले डोळा मारला. तुया अब्बानं पाह्यलं बशीर, अन् पोतं बांधून ‘बरकत’ म्हणून गेले. सोळाच्या सोळा मापांत माया अंगठा आत व्हता.”